चीनमधलं 'चायनीज': कामाला गेलो आणि खाऊन आलो

मालवणी_मिस्त्री

राम राम मंडळी.

गेल्या महिन्यात कंपनीने तीन आठवडे चेंगडूला पाठवलं होतं. चाकणच्या कारखान्यासाठी एक प्रेस घेतोय. ती तिकडेच जोडून, चालवून, मापं तपासून मग बोटीत चढवायची, असं काम. मशीनबद्दल लिहिण्यासारखं काही नाही (आणि लिहायची परवानगीही नाही), पण खाण्याबद्दल सांगितल्याशिवाय चैन पडत नाहीये.

बायकोने बॅगेत धपाटे, मेतकूट आणि लसणाची चटणी कोंबली होती. मी मनात म्हणत होतो, चेंगडू म्हणजे सिचुआन, सिचुआन म्हणजे आपलं शेजवान. कोपऱ्यावरच्या गाडीवर ती लाल चटणी दर शनिवारी खातोच की. शिवाय ठेच्यावर वाढलेल्या माणसाला तिखटाचं भय कोण दाखवणार?

पहिल्याच दिवशी साडेअकराला जेवणाची घंटा झाली. हो, साडेअकरा! बाराला अख्खं ऑफिस जेवून, दिवे मालवून, टेबलाखालून घडीचे पलंग काढून झोपतं. हे आपल्याकडे कधी सुरू होणार? असो. कँटीनमध्ये खणांचं स्टीलचं ताट, त्यात भात, कोबी आणि मापो तोफू. लाल तेलात थरथरणारे पांढरे चौकोन, वर तपकिरी पूड भुरभुरवलेली. पहिला घास घेतला. तिखट, पण आपल्या ठेच्याच्या जवळपासही नाही. मनात म्हटलं, एवढंच? दुसरा घास गिळला आणि ओठांना मुंग्या यायला लागल्या. मग जिभेच्या टोकाला, मग हिरड्यांना. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर होतं ना, तसं. घाबरून पाणी प्यायलो तर पाणीच खारट-आंबट लागायला लागलं. समोरचा सहकारी हसून म्हणाला, "मा! मा!"

आणि त्या बधीरपणातून एक वास वर आला. लिंबाच्या सालीचा, थोडा ओल्या लाकडाचा. हा वास मला माहीत होता. पण कुठला ते आठवेना. संध्याकाळी हॉटेलवर दात घासताना एकदम डोक्यात प्रकाश पडला: आजीच्या हातचं बांगड्याचं तिखलं! तिरफळ!

सहकाऱ्याने दुसऱ्या दिवशी न कुटलेले दाणे आणून दाखवले. तेच खरबरीत टरफल, तसंच तोंड उघडलेलं, आत तशीच काळी चकचकीत बी, आणि बी फेकून टरफल वापरायची रीतही तीच. त्याला ते 'ह्वाच्याओ' म्हणतात. वनस्पतिशास्त्रात दोन्ही एकाच प्रजातीतली (जीनस), झँथोझायलम. जात वेगळी, पण सख्खी चुलत भावंडं. सिचुआनच्या चवीला ते 'माला' म्हणतात: 'मा' म्हणजे बधीर आणि 'ला' म्हणजे तिखट. मिरची त्यांच्याकडेही आपल्यासारखीच अमेरिकेतून फिरत फिरत आलेली पाहुणी, ह्वाच्याओ मात्र घरचं. आपल्या गाडीवरच्या शेजवानमध्ये 'ला' आहे, 'मा' पोचलेलंच नाही.

गंमत म्हणजे मापो तोफूतल्या 'मा'चा अर्थ बधीर नाही. अक्षर तेच, पण अर्थ देवीचे व्रण. १८६२ च्या सुमारास चेंगडूत एक बाई खानावळ चालवायची, तिच्या तोंडावर देवीचे व्रण होते, म्हणून व्रणवाल्या म्हातारीचा तोफू. एवढं चांगलं रांधून बाईच्या नशिबी नाव हे.

एका रविवारी त्याच सहकाऱ्याने शहराबाहेर पीश्येनला नेलं. या तोफूतलं लाल वाटण, तौबानच्यांग, तिथलं नावाजलेलं. मोठी जाड घेवड्यासारखी फावा शेंगांची डाळ आणि मिरच्या मिठात आंबवायच्या. अंगणभर रांगेने मातीचे रांजण, प्रत्येकावर टोपीसारखं झाकण. ऊन असलं की झाकण काढायचं आणि ढवळायचं, पाऊस आला की धावत जाऊन झाकायचं. रांजणातून जो वास येत होता तो जुन्या मुरलेल्या लोणच्याचा होता. मी तिथे उभा राहून उगाचच मोठमोठे श्वास घेत होतो.

तर मंडळी, तुमच्यापैकी कोण कोण कामानिमित्त चीनला जाऊन आलंय? कुठल्या शहरात काय खाल्लं ते लिहा. नुसतं "नूडल्स खाल्ल्या" नको. कुठल्या ते सांगा.

---

खमंग_फोडणी

एवढं मोठं लिहिलंत आणि एकही फोटो नाही? णिषेध!

---

तीन_फेज

मिस्त्री, त्या मुंग्यांवर चक्क संशोधन झालंय. २०१३ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये लोकांच्या ओठांना ह्वाच्याओ लावलं आणि बोटाला थरथरणारं यंत्र लावून विचारलं, ओठाची थरथर यातल्या कुठल्या वेगाशी जुळते? उत्तर आलं साधारण ५० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ५० वेळा. म्हणजे तुमच्या ओठांवर आपल्याच घरातली वीज खेळत होती. अमेरिकेतल्या लोकांना ही गंमत कळायची नाही, त्यांची ६० ची.

---

उपाशी_सातारकर

तुम्हा मासे खाणाऱ्यांचं बरं आहे हो. मी शुद्ध शाकाहारी. बारा दिवस सूचौला होतो. केळी, बिस्किटं आणि गरम पाणी. तिकडे थंड पाणी मागितलं तर आजारी आहे का असं बघतात.

एका ठिकाणी फोनवर भाषांतर करून "मांस नको" असं दाखवलं. बाईने मान डोलावली. हिरव्या घेवड्याची सुरेख भाजी आली. अर्धी खाल्ल्यावर लक्षात आलं की ते तपकिरी कण परतलेल्या कांद्याचे नव्हेत. परत दाखवलं तर ती म्हणाली, मांस कुठाय, हे तर चवीपुरतं. त्या रात्री बायकोला फोनवर सांगितलं नाही. इथे सांगतोय.

---

दूरदेशी_माई

सातारकर भाऊ, वाईट वाटलं. मी शेनझेनला अकरा वर्षं आहे, नवऱ्याच्या नोकरीमुळे. घरात आम्ही शाकाहारी. थोडं सांगते, पुढच्या वेळी उपयोगी पडेल.

"मांस नको" म्हणू नका. तिथे नुसतं 'रोउ' म्हटलं की मनात डुक्कर येतं. "रोउ नको" म्हटलंत तर कोंबडी येईल आणि तीही प्रामाणिकपणे. म्हणायचं "वो छ सू", मी शाकाहार करते. 'सू' हा शब्द बौद्ध मठांमुळे सगळ्यांना कळतो आणि त्याला मान आहे. तरी तीन गोष्टी वेगळ्या विचाराव्या लागतात: डुकराची चरबी, भाज्यांत सर्रास टाकतात ती कोंबडीच्या अर्काची पूड, आणि कालवांचं सॉस. हे तिन्ही "मांस" आहेत असं स्वयंपाक्याला वाटतच नाही. तुमची बाई लबाड नव्हती.

नावांवरही जाऊ नका. 'यूश्यांग छ्येझ' म्हणजे शब्दशः माशाच्या वासाची वांगी, आणि त्यात मासा नसतो! मासा ज्या मसाल्यात करतात तो मसाला: लसूण, आलं, आंबवलेली मिरची, साखर, व्हिनेगर. खिमा घालू नका म्हणून सांगायचं. आमच्याकडे महिन्यातून चारदा होते. उलट मिस्त्रींचा तो साधा दिसणारा मापो तोफू, त्यात चेंगडूच्या जुन्या पद्धतीत गोमांसाचा खिमा असतो. ज्यांना चालत नाही त्यांनी आधी विचारावं.

चेंगडूला गेलात तर वेनशू मठात जेवा. वेनशू म्हणजे आपला मंजुश्री बोधिसत्त्व. मठाच्या जेवणात कांदा-लसूणही नसतो, त्यामुळे जैन मंडळींचीही बरीचशी सोय होते. बौद्ध नियमात पाच उग्र पदार्थ वर्ज्य आहेत, त्यात लसूण आणि कांद्याच्या जाती आणि पाचवं काय माहितेय? हिंग!

---

उपाशी_सातारकर

माई, हे लिहून खिशात ठेवतो. पण हिंग वर्ज्य म्हणजे मग वरण कसं करतात?

---

दूरदेशी_माई

करतच नाहीत, तर प्रश्न कसला. :-)

---

पन्हाळ्याचा_वाघ

मी शीआनला दोनदा गेलोय, व्हॉल्व्हच्या कामाला. मातीचे सैनिक सगळेच बघतात, मी मुस्लिम मोहल्ल्यात जेवलो त्याचं सांगतो.

पदार्थाचं नाव यांगरोउ फाओमो. बसल्यावर वेटर रिकामं मोठं वाडगं आणि दोन जाड पांढऱ्या रोट्या ठेवतो आणि निघून जातो. मी रोटी मोडून चार तुकडे केले आणि रस्सा कधी येतोय म्हणून बसलो. शेजारच्या टेबलवरच्या आजोबांनी माझ्या वाडग्यात बघितलं, चुकचुकले, उठले आणि माझ्या हातातली रोटी घेऊन करून दाखवलं: चिमटीत धरून खुडायची, हरभऱ्याच्या डाळीएवढे तुकडे. मोठे तुकडे केले तर आत रस्सा शिरत नाही. वीस मिनिटं लागली. बोटं दुखली. मग वेटरने वाडग्यावर नंबर अडकवून आत नेलं (आपलं खुडलेलं आपल्यालाच परत यायला हवं म्हणून) आणि आतून मटणाचा रस्सा, शेवया, पातीचा कांदा घालून उकळून आणलं. सोबत लोणच्यातला लसूण.

भाकरी कुस्करून रश्श्यात खाणाऱ्या माणसाला हे कुणी शिकवायला नको होतं. पण आपण कसं, दोन मिनिटांत कुस्करतो आणि ओरपतो. त्यांच्याकडे खुडता खुडता गप्पा होतात, जेवण तिथूनच सुरू होतं. रस्सा मात्र फिकट. त्यांच्यात तांबड्याचं काम पांढऱ्यावरच भागवतात, एवढंच म्हणेन.

आणखी एक. ज्यांना डुक्कर नको त्यांनी चीनमध्ये कुठेही 'छिंगचन' ही दोन अक्षरं शोधायची, बहुतेक हिरव्या पाटीवर असतात. म्हणजे हलाल. लान्चौच्या हाताने ओढलेल्या नूडल्सची दुकानं तर गल्लोगल्ली आहेत. रस्सा नितळ, मुळा पांढरा, तेल लाल, पाला हिरवा, नूडल पिवळी, असा पाच रंगांचा हिशेब त्यांच्यात पाठ असतो. नूडल केसासारखी हवी की पट्ट्यासारखी रुंद ते आधी सांगायचं, आपल्यासमोर ओढतात.

---

बेल_वाटी

वाघोबा शीआनला गेले आणि ल्यांगपी खाल्ली नाही?! मी कापडाच्या प्रदर्शनाला गेले होते, ऐन जुलैत, अंगाची लाही होत होती. गाडीवर थंडगार, रुंद, अर्धपारदर्शक पट्ट्या, वर काकडी, व्हिनेगर, लसणाचं पाणी, लाल तेल. दोन घास खाल्ले आणि म्हटलं, ही चव नाही पण हा *स्पर्श* ओळखीचा आहे. गाडीवाल्या मावशींना खुणेने विचारलं, कशाचं? त्यांनी हौसेने मागची बादली उघडून दाखवली.

कणीक मळायची, मग पाण्यात चोळचोळून धुवायची. पाणी दुधासारखं पांढरं होतं आणि हातात रबरासारखा गोळा उरतो. पाणी ठेवून द्यायचं, साका खाली बसतो, वरचं नितळ पाणी ओतून टाकायचं. अहो, हा तर चीक! आपण गहू तीन दिवस भिजवतो, वाटतो, गाळतो आणि चीक शिजवून कुरडया घालतो. त्या तोच चीक ताटलीत पातळ ओतून वाफवतात आणि पापुद्रा सोलून कापतात. आम्ही लहानपणी गच्चीवर कुरडया घालताना कढईतला गरम चीक दूध-साखर घालून खायचो. नेमका तोच गुळगुळीतपणा.

आणि तो उरलेला रबरी गोळा? तो फेकत नाहीत. वाफवतात, स्पंजासारखा होतो, तुकडे करून त्याच पट्ट्यांवर घालतात. रस सगळा त्यात भरून राहतो, सगळ्यात छान तेच लागतं. आपण चोथा गुरांना घालतो.

सातारकर, हे पूर्ण शाकाहारी आहे बरं का!

---

ट्रेडवाले_काका

धागा उत्तम. ग्वांगझूचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. मी तिथल्या कँटन फेअर या व्यापारी प्रदर्शनाला (१९५७ पासून चालू आहे, वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात) बरीच वर्षं जातोय, हार्डवेअरच्या धंद्यात आहे. तिकडची मंडळी तिखट खातच नाहीत. वाफवलेला मासा, वर आल्याच्या काड्या आणि कडकडीत तेल, संपलं. पहिली दोन वर्षं मला ते रुग्णाचं जेवण वाटायचं. मग एक व्यापारी मित्र म्हणाला, मसाला मासा शिळा असल्यावर लागतो. राग आला होता. आता पटतं, पण घरी बोलायची सोय नाही.

सकाळचा 'याम छा' मात्र चुकवू नका. नाव चहापानाचं, खरं काम खाण्याचं. पारदर्शक पारीतली कोळंबी, तांदळाच्या वाफवलेल्या गुंडाळ्या (आमच्या सौ. त्याला "पातोळीची बहीण" म्हणतात) आणि कोंबडीचे पाय, ज्याला ते अमरपक्ष्याचे पंजे म्हणतात. मी खाल्लेत, हाडं थुंकायची कला जमायला हवी. कुणी आपल्या पेल्यात चहा ओतला की बोलायचं नाही, दोन बोटांनी टेबलावर टकटक करायची, म्हणजे आभार. छ्येनलुंग बादशहा वेषांतर करून फिरत होता, त्याने नोकराला चहा ओतला, नोकराला लोटांगण घालता येईना म्हणून त्याने बोटं वाकवून टेबलावर घातलं, अशी कथा सांगतात. खरी असो नसो, गोंगाटात फार सोयीची आहे.

बाजूला फोशानमध्ये शुन्दे म्हणून भाग आहे. युनेस्कोने २०१४ मध्ये त्याला खाद्यनगरी ठरवलं (मिस्त्रींचं चेंगडू २०१० पासून त्या यादीत आहे). तिथली 'श्वांगफी नाय', दोन सायींचं दूध. म्हशीचं दूध, हो म्हशीचंच. तापवून वाडग्यात ओतायचं, साय धरली की कडेला टोचून खालचं दूध हळूच काढून घ्यायचं, साय तळाशी राहू द्यायची. त्या दुधात साखर आणि अंड्याचा पांढरा भाग मिसळून गाळून पुन्हा त्याच वाडग्यात, म्हणजे साय तरंगत वर येते. मग वाफवायचं, दुसरी साय धरते. मी पहिला चमचा तोंडात घातला आणि म्हणालो, खरवस!

---

बेल_वाटी

काका, माफ करा, खरवस नव्हे. खरवस चिकाचा असतो, तो आपोआप धरतो. अंडं घालून धरवलेलं ते खरवस कसं?

---

ट्रेडवाले_काका

ताई, चव सांगतोय, जातीचा दाखला नाही. :-) बरं, अंडं नको असेल तर जवळच पान्यूच्या शावानमध्ये आल्याचं दूध मिळतं. वाडग्यात ताजा आल्याचा रस, त्यावर उंचावरून गरम दूध ओतायचं आणि हात लावायचा नाही. पाच-सात मिनिटांत दही लागल्यासारखं धरतं. आल्यातल्या एन्झाइमचा खेळ आहे. दूध उकळतं असेल तर धरत नाही, कोमटही चालत नाही, बोट घातलं तर चटका बसेल पण सोलणार नाही असं हवं. आमच्याकडे तीनदा फसलं, चौथ्यांदा जमलं.

---

साईट_ऑफिस

सगळे खाण्याचंच बोलताय. मेजवानीला समोर येणाऱ्या दारूचं काय? मी क्वेचौ प्रांतात, क्वेयांगला होतो. गोल टेबल, मध्ये फिरती काच, यजमान दाराकडे तोंड करून, माशाचं तोंड मुख्य पाहुण्याकडे (म्हणजे माझ्याकडे, मला कळलंच नाही आणि मी काच फिरवली). मग पायच्यू, म्हणजे तिकडची कडक दारू. अंगठ्याएवढे पेले, पण त्यातली माओताय ५३ टक्क्यांची असते. पेला आपटताना आपला पेला वडीलधाऱ्याच्या पेल्यापेक्षा खाली धरायचा, त्यामुळे नम्रपणाच्या नादात दोघांचे पेले टेबलाला टेकतात.

ती कशाची करतात माहितेय? ज्वारीची! लाल ज्वारी. आमच्या सोलापूरकडे जिची भाकरी थापतात तिची ते ही आग करतात. मी हे यजमानांना सांगितलं तर त्यांनी दुःखाने मान हलवली आणि माझा पेला भरला.

प्यायची नसेल तर पहिल्याच पेल्याला सांगा, औषध चालू आहे. एक घेतला की मग औषधाचं कुणी ऐकत नाही.

तिकडची एक म्हण: सिचुआनी तिखटाला भीत नाही, क्वेचौवाल्याला तिखटाची भीतीच ठाऊक नाही, आणि हुनानी भितो ते तिखट नसेल तर. तीन शब्द उलटसुलट करून बनवलीय, मूळ भाषेत फार मजेशीर वाटते.

---

गोबी_बंद

मी शेनयांगला होतो. हा भाग म्हणजे जुना मंचुरिया. तिथे पोचल्यावर माझ्या साहेबाने पहिला प्रश्न काय विचारावा? "इथलं ओरिजिनल मंचुरियन कुठे मिळेल?" दुभाषी मुलगी बिचारी तीन दिवस शोधत होती. मी शेवटी तिला सांगितलं, बाई, ते १९७५ साली मुंबईत, क्रिकेट क्लब ऑफ इंडियात नेल्सन वाँग यांनी केलं असं म्हणतात, तुझा दोष नाही.

तिथे खरं मिळतं ते 'दि सान श्येन', मातीतली तीन ताजी: वांगं, बटाटा, ढोबळी मिरची, तळून लसणाच्या सॉसमध्ये. उणे पंधरात, गरम भाताबरोबर, साहेबाने तीन प्लेट खाल्ल्या आणि परत आल्यावर सगळ्यांना सांगतो की मंचुरियात मंचुरियन छान मिळतं.

---

मालवणी_मिस्त्री

मंडळी, प्रतिसाद वाचून पुन्हा एखादी प्रेस विकत घ्यावीशी वाटतेय.

माई, खिम्याचं आता कळलं, कँटीनवाल्याला विचारायला हवं होतं. गेलं ते गेलं.

काल रविवारी घरी प्रयोग केला. तौबानच्यांगचं पाकीट आणलं होतं, ह्वाच्याओ मात्र आणायचं राहिलं. म्हटलं तिरफळ आहे की. दहा-बारा तिरफळं तव्यावर कोरडी भाजली, बिया काढल्या, खलबत्त्यात कुटली. तोफूचे चौकोन मिठाच्या गरम पाण्यात ठेवले. तेलात वाटण परतलं, लाल तेल सुटलं, आलं-लसूण, पाणी, तोफू, शेवटी कॉर्नफ्लोअर आणि वरून तिरफळाची पूड. वास असा सुटला की शेजारच्या काकू दारात आल्या.

मुंग्या आल्या, पण ५० हर्ट्झच्या नव्हेत, व्होल्टेज कमी पडलं. वास जास्त, बधीरपणा कमी. बायकोने दोन घास खाल्ले, थांबली, चमच्याने तोफू इकडेतिकडे सारून बघितलं आणि विचारलं, "बांगडो खंय आसा?"

म्हणून आज त्याच वाटणात बांगडे केले. तोफूपेक्षा दहापट सरस. मला वाटतं मी एक नवीनच पदार्थ शोधलाय.

---

दूरदेशी_माई

मिस्त्री, त्याला 'तौबान यू' म्हणतात. सिचुआनमध्ये घरोघरी होतो.